नागपूरच्या उन्हात एकट्या पूलवाल्याची आठ दिवसांची सुट्टी: फ्लोटर, बॉलकॉक, डोसिंग पंप आणि बदली माणूस

एकट्याने दहा-बारा पूल सांभाळणारा माणूस सुट्टीचं विचारायला केमिकलच्या दुकानात गेला, की त्याच्या हातात पहिल्यांदा येतो तो तरंगता क्लोरीन डबा, म्हणजे फ्लोटर, आणि सोबत २०० ग्रॅमच्या गोळ्यांची बरणी. आठ दिवस पूलकडे बघायचं काम नाही, असं सांगितलं जातं. वस्तू चांगली आहे, काही शे रुपयांत मिळते, आणि प्रत्येक पूलवाल्याकडे असायलाच हवी. पण नागपूरच्या उन्हाळ्यात ती एकटी सुट्टी निभावून नेत नाही. इथे पूल बिघडतो तो आधी पाणी खाली गेल्याने, नाहीतर लाईट गेल्याने. पंप थांबतो, पाणी फिरत नाही, आणि क्लोरीन त्यानंतर संपतं. म्हणून इथे फ्लोटरबरोबर सुट्टीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाकीच्या वस्तूही तपासल्या आहेत, आणि बदली माणसाची सोयही. क्रम पैसे आधी कशावर खर्च करावेत त्याचा आहे.

हिशेबासाठी एक पूल धरू: १० मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ५० हजार लिटर. स्किमर (वरचं पाणी ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) असलेला, वाळूचा फिल्टर, सिंगल फेजचा एक एचपी पंप. काटोल रोडच्या फार्महाऊसवर किंवा बेसा, मनीषनगरच्या बंगल्यात असतो तसा घरगुती पूल. हॉटेल, शाळा, क्लब आणि मोठ्या सोसायटीचे पूल या हिशेबात बसत नाहीत. तिथे रोज पोहणारे इतके असतात की पाणी दिवसातून किमान दोनदा तपासावंच लागतं, आणि ते काम डबा करत नाही. तिथे बदली माणूस ठेवा, नाहीतर सुट्टी पुढे ढकला.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, हवा कोरडी आणि झळा चालू. अशा दिवसांत उघड्या पूलमधून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. आपल्या पूलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे ४०० लिटर. आठ दिवसांत आठ सेंटिमीटर. स्किमरचं तोंड साधारण १५ सेंटिमीटर उंच असतं आणि पाणी त्याच्या मध्यावर ठेवायची पद्धत आहे, म्हणजे खाली उरतात सात-साडेसात. सातव्या-आठव्या दिवशी स्किमर हवा ओढायला लागतो, पंपाचं पाणी सुटतं, कोरडा फिरून मेकॅनिकल सील जळतं. झाकणाच्या ओ-रिंगमधून आधीच थोडी हवा जात असेल तर हे पाचव्या दिवशीच होतं. यावर फुकटचा उपाय आहे: निघताना पाणी तोंडाच्या वरच्या तिसऱ्या भागापर्यंत भरा, मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि स्किमरचा अर्ध्याहून जास्त बंद करा. पाणी तळातून ओढलं जाईल, पातळी उतरली तरी पंप जगेल. वर पानं आणि धूळ तरंगत राहील, ते चालतं.

पैशाचा उपाय म्हणजे बॉलकॉक, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा तरंगत्या गोळ्याचा नळ. आमच्या मते सुट्टीच्या सामानात पहिला खर्च याच्यावर व्हावा. पितळी दांडीचा घ्या, कारण पूर्ण प्लास्टिकचे उन्हात वर्षभरात ठिसूळ होतात. पूलच्या काठावर क्लॅम्पने बसणारे मिळतात, ओव्हरफ्लो पद्धतीचा पूल असेल तर बॅलन्सिंग टँकमध्ये बसवा. पण तो घराच्या मोठ्या टाकीला थेट जोडू नका. बोअरच्या पाण्यातला कचरा किंवा क्षाराची खपली बॉलकॉकच्या वॉशरखाली अडकली की तो बंद होत नाही, आणि रात्रभरात घराची टाकी पूलमधून ओसंडून अंगणात जाते. मधे ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि ती रोज सकाळी एकदा भरायला चौकीदाराला सांगा. बिघडलं तरी नुकसान ५०० लिटरचं. दुसरा दोष असा की बॉलकॉक गळती लपवतो. बसवण्याआधी टाइलवर टेप लावून दोन दिवस पातळी मोजा. उन्हाळ्यात दिवसाला दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर आधी गळती शोधा.

बोअरचं पाणी जड असतं हेही लक्षात ठेवावं लागतं. कठीणपणा ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग) असलेलं ३,२०० लिटर पाणी आठ दिवसांत पूलमध्ये गेलं तर पूलचा कठीणपणा सुमारे २५ पीपीएमने वाढतो, कारण उडून जाणारं पाणी क्षार मागेच ठेवून जातं. एका सुट्टीत काही बिघडत नाही. मार्च ते जून सतत हेच चाललं तर टाइलच्या रेषेवर पांढरा थर येतो, आणि दोष फ्लोटरच्या गोळ्यांना दिला जातो.

लाईटचं बघू. चोवीस तासांच्या तबकडीचा, खिट्या ओढायचा टायमर सगळ्यात जास्त विकला जातो. त्याचं घड्याळ लाईटवरच चालतं. दुपारी दोन तास लाईट गेली की तो दोन तास मागे पडतो, आणि चार-पाच वेळा असं झालं की सकाळचा पंप भर दुपारी चालू होतो. बंद पंपरूममध्ये दुपारी एवढी उष्णता असते की सिंगल फेज मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमरच घ्या. त्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या लोडसाठी. एक एचपी मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, आणि रोज तो झटका खाऊन टायमरचे पॉइंट चिकटतात. चिकटले की पंप बंदच होत नाही. म्हणून टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा जड करंट झेलणाऱ्या स्विचची) कॉइल चालवायची, मोटर कॉन्टॅक्टरवर. मोबाईलवरून चालणाऱ्या वायफाय प्लगलाही हाच नियम. वेळ सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ ठेवा. दुपार मोकळी सोडा. तासाला १० हजार लिटर ओढणारा पंप असेल तर आठ तासांत पाणी दीडपटीहून जास्त फिरतं.

टायमरच्या जोडीला ड्राय रन रिले हवाच. पंप कोरडा झाला की मोटरचा करंट उतरतो, रिले ते ओळखून मोटर बंद करतो. आधी भरल्या पाण्यावर करंट मोजा आणि त्याच्या सुमारे ७५ टक्क्यांवर सेट करा. फार वर ठेवला तर फिल्टर भरत आल्यावर, प्रवाह कमी होऊन, तो विनाकारण बंद पडतो. आपोआप पुन्हा सुरू होण्याची वेळ असलेले रिले मिळतात, त्यात अर्धा तास ठेवा. तीन फेजची मोटर असेल तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरही लागतो. पावसाळ्याआधीच्या वादळात एक फेज जाणं नेहमीचं आहे, आणि दोन फेजवर धडपडणारी मोटर थोड्याच वेळात जळते. रिलेच्या या पेटीला आम्ही फ्लोटरपेक्षा वरचं स्थान देतो. रिवाइंडिंगच्या एका बिलात तिची किंमत वसूल होते.

आता फ्लोटर. गोळ्या टीसीसीए ९० च्या असतात, म्हणजे वजनाच्या ९० टक्के उपलब्ध क्लोरीन. उन्हाळ्यात, पाण्यात सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन) ३० ते ५० पीपीएम असताना, घरगुती पूल दिवसाला दोन ते तीन पीपीएम क्लोरीन खातो. अडीच धरा. ५० हजार लिटरला ते १२५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम गोळी. आठ दिवसांना १,१०० ग्रॅम, म्हणजे साडेपाच गोळ्या. बाजारातल्या बहुतेक फ्लोटरमध्ये तीन ते पाच गोळ्या मावतात. म्हणून मे महिन्यात एका फ्लोटरवर आठ दिवस काढण्याचा दावा या मापाच्या पूलला लागू पडत नाही. दोन फ्लोटर, प्रत्येकात तीन गोळ्या, ही खरी गरज. थंडीत हाच पूल एका फ्लोटरवर दहा दिवस जातो.

गोळी किती वेगाने विरघळते ते तीन गोष्टींवर ठरतं: पाण्याची ऊब, फटींची उघडीक आणि फ्लोटर कुठे तरंगतो ते. फटींवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. जाण्याच्या आठवड्यात हातमोजे घालून, उघड्यावर, गोळ्या तोला, फ्लोटर एक दिवस पाण्यात सोडा, पुन्हा तोला. एका फ्लोटरमधून ७० ग्रॅमच्या आसपास गेलं पाहिजे. कमी असेल तर एक फट उघडा, जास्त असेल तर एक बंद करा. पाच मिनिटांचं हे काम बहुतेक जण टाळतात, आणि फ्लोटर चालत नाही अशी तक्रार तिथूनच सुरू होते.

विकत घेताना फटी फिरवायची रिंग हाताने हलवून बघा. स्वस्त नमुन्यांत ती पाण्यात आपोआप सरकते, फटी पूर्ण उघडतात, आणि आठ दिवसांच्या गोळ्या तीन दिवसांत संपतात. रिंगला खाच पडून घट्ट बसणारी आणि गोळ्या संपत आल्या की डबा आडवा होणारी रचना घ्या. चौकीदाराला लांबूनच कळतं. फ्लोटर मोकळा सोडायचा नाही. वारा त्याला एका कोपऱ्यात किंवा पायऱ्यांवर नेऊन टेकवतो, तिथे आम्लधर्मी, तीव्र क्लोरीनचं पाणी साचतं, आणि लायनर किंवा एफआरपीवर (फायबरच्या पूलवर) पांढरा डाग कायमचा बसतो. दोन्ही काठांना नायलॉनच्या दोरीने बांधून खोल भागाच्या मध्यावर ठेवा. पोहणारे असतील तेव्हा तो बाहेर काढून उघड्या प्लास्टिकच्या बादलीत, झाकण न लावता, मुलांपासून दूर ठेवायचा. झाकण लावलं तर आत गॅस साचतो आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो.

फ्लोटर नको म्हणून गोळ्या स्किमरच्या जाळीत टाकण्याची सवय वाईट आहे. पंप बंद असताना तिथे तयार झालेलं आम्ली पाणी, पंप सुरू होताच एकदम सील आणि इम्पेलरमधून जातं. पूलला हीट पंप असेल तर त्याची नळीही खातं.

सगळ्यात महत्त्वाचं: टीसीसीएच्या गोळीला ब्लिचिंग पावडर, कॅल्शियम हायपोक्लोराइट किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) लागता कामा नये. कोरड्या भांड्यात दोन्ही एकत्र आले आणि थोडा ओलावा मिळाला तर आग लागते, स्फोटही होतो. पंपरूममध्ये दोन वेगवेगळ्या रंगांचे मग ठेवा, आणि सुट्टीच्या काळात ब्लिचिंग पावडरचा डबा कुलपात जाऊ द्या. चौकीदार मदत करायला म्हणूनच फ्लोटरमध्ये चमचाभर पावडर टाकेल, ही भीती खरी आहे.

या गोळ्या दोन खुणा मागे ठेवतात. दर १० पीपीएम क्लोरीनमागे पाण्यात सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड जमतं, म्हणजे आठ दिवसांत १२. आणि त्या पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची ताकद) खाली ओढतात. निघताना अल्कलिनिटी १०० च्या वर असू द्या. कमी असेल तर ५० हजार लिटरला १० पीपीएम वाढवायला सुमारे ८४० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. बोअरचं पाणी भरत असाल तर बहुधा गरज पडत नाही.

फ्लोटर सोडण्याआधी पाणी त्या लायकीचं आहे का, हे तपासणं या सगळ्याचा पाया आहे. निघण्याच्या तीन दिवस आधी भिंती ब्रशने घासा, व्हॅक्युम मारा, बॅकवॉश करा (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुवा) आणि रात्री शॉक द्या: १० टक्क्यांचा ताजा हायपो ५ लिटर टाकला की ५० हजार लिटरला १० पीपीएम होतं. दुसऱ्या रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे उन्हाआधी पुन्हा मोजा. रात्रीत एक पीपीएमपेक्षा जास्त उतरलं, तर पाण्यात शेवाळ किंवा घाण अजून आहे आणि ती फ्लोटरची गोळी फुकट खाणार. असा पूल सोडून जाऊ नका. हे मोजायला मोकळं क्लोरीन वेगळं दाखवणारं डीपीडी किट हवं. पिवळा रंग दाखवणारे ओटीओचे थेंब एकूण क्लोरीन सांगतात, मोकळं किती ते सांगत नाहीत.

डोसिंग पंपाबद्दल. हायपोचा कॅन, पेरिस्टाल्टिक (नळी दाबत थेंब सोडणारा) पंप, नळी. दिवसाला सव्वा लिटर हायपो, आठ दिवसांना दहा. कागदावर फ्लोटरपेक्षा सरस: सायन्युरिक वाढत नाही, डोस नेमका. पण ४५ अंशांत हायपो टिकत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं कुजणं तीन-साडेतीन पट वाढतं. उन्हात ठेवलेला कॅन आठवड्याच्या शेवटी निम्म्या ताकदीच्या दिशेने गेलेला असतो आणि पंप मात्र तेवढेच थेंब सोडत राहतो. उपाय म्हणजे हायपो निम्मं पातळ करून २० लिटर भरणं, कारण पातळ हायपो बरंच हळू उतरतं, आणि कॅन सावलीत ठेवणं. पातळ करायला आरओचं पाणी घ्या. बोअरचं घातलं तर कॅल्शियमची खर बसून इंजेक्शन व्हॉल्व्ह तीन-चार दिवसांत बंद होतो. हे आम्हाला या यंत्राचं नागपुरातलं सर्वांत मोठं दुखणं वाटतं. पंपातली लवचिक नळी दर मोसमात बदला, ती फाटली की हायपो यंत्राच्या पोटात सांडतं. आणि डोसिंगची वायर मुख्य पंपाच्या कॉन्टॅक्टरवरून घ्या, शक्य असेल तर फ्लो स्विचही लावा. पाणी थांबलेलं असताना डोसिंग चालू राहिलं तर पाइपमध्ये तीव्र हायपो साचतं. शेजारी ॲसिडचं डोसिंगही असेल तर दोन्ही पाइपमध्ये भेटून क्लोरीन वायू तयार होतो, आणि पंप सुरू होताच तो पोहणाऱ्यांच्या मधे बाहेर येतो. वर्षभर वापरायला हे यंत्र उत्तम आहे. फक्त सुट्टीसाठी, जाण्याच्या आदल्या आठवड्यात बसवू नका. निदान महिनाभर डोळ्यांसमोर चालवा.

सॉल्ट क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन बनवणारं यंत्र) मालक बसवत असेल तर अडवू नका, पण सुट्टीचं साधन म्हणून सुचवूही नका. ३,५०० पीपीएमसाठी १७५ किलो मीठ, पीएच सतत वर चढणारा, आणि बोअरच्या पाण्यात सेलच्या पट्ट्यांवर खर. लाईट गेली की क्लोरीन शून्य.

राहिला बदली माणूस. वरची सगळी यंत्रं मिळून जे करत नाहीत ते चौथ्या दिवशीची एक भेट करते. शहरात एकट्याने काम करणारे पूलवाले बरेच आहेत आणि प्रत्येकाला हीच अडचण आहे. दोघांनी एकमेकांची सुट्टी सांभाळायची, हा सौदा सगळ्यात टिकाऊ. पैसे भेटीमागे ठरवा, महिन्याच्या बिलातून टक्केवारी काढू नका. गिऱ्हाईक जाण्याची भीती सगळ्यांना असते. ती न बोलता ठेवण्यापेक्षा तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात: बदली माणूस भाव सांगणार नाही, दुरुस्ती सुचवली तर ती आधी तुम्हाला फोनवर सांगेल, आणि मालकाशी बोलणं तुमच्या नावाने होईल. मालकालाही आठवडाभर आधी कळवा, बदली येणाऱ्या भाऊंचं नाव आणि येण्याचा दिवस सांगा. कळवलेली सुट्टी कोणी मनावर घेत नाही.

त्याला प्रत्येक पूल एकदा सोबत नेऊन दाखवा. मल्टिपोर्टच्या (फिल्टरवरच्या अनेक दिशांच्या व्हॉल्व्हच्या) दांड्याजवळ मार्करने स्वच्छ फिल्टरचं प्रेशर लिहा; त्यापेक्षा अर्धा ते पाऊण बार वर गेलं की बॅकवॉश. दांडा फिरवण्याआधी पंप बंद, हे त्याला माहीत असलं तरी लिहा. चालू पंपावर फिरवला की आतलं स्पायडर गॅस्केट सरकतं आणि पाणी वेस्टच्या पाइपमधून निघून जातं. कुठला व्हॉल्व्ह कशाचा याच्या चिठ्ठ्या, प्रत्येक पूलसाठी मोजून ठेवलेल्या गोळ्या, आणि लाईटच्या पेटीची किल्ली. भेटीचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं: दोन्ही जाळ्या रिकाम्या, पातळी, प्रेशर, क्लोरीन आणि पीएच, गोळ्या भरणं, भिंतीवर एक ब्रश, मग चार फोटो.

चौकीदारदादांवर यापेक्षा जास्त टाकू नका. छोटी टाकी भरणं, स्किमरची जाळी झटकणं, आणि सकाळी प्रेशर गेजचा आणि पाण्याचा एकेक फोटो. त्यांच्या हातात केमिकल द्यायचं नाही. फोटो आला नाही तर फोन करा; आला आणि तळ दिसत नसेल तर बदली माणसाला त्याच दिवशी पाठवा. पाणी हिरवं पडायला लागल्यावर दोन दिवस थांबलं की एका शॉकचं काम तीन दिवसांच्या कामात जातं.

सुट्टी कधी घ्यावी, हेही सांगावं लागेल. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, ती घेऊ नका. घ्यावीच लागली तर वरचं सगळं बसवून आणि दोन बदली भेटी ठरवून. पोळ्याच्या, मारबतीच्या दिवसांत पाणी उलट वाढतं: पाऊस सायन्युरिक आणि क्लोरीन दोन्ही पातळ करतो, काठावरची माती आत येते. तेव्हा बॉलकॉक बंद करून जा, ओव्हरफ्लोचा पाइप मोकळा आहे का बघा आणि फ्लोटरची एक फट जास्त उघडी ठेवा. डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा काळ सर्वांत सोयीचा. पाणी गार, शेवाळ मंद, पोहणारे नाहीतच. तेव्हा पंप रोज चार तास, एक फ्लोटर आणि आठवड्यातून एक फोटो एवढ्यावर बहुतेक घरगुती पूल निभतात.

परत आल्यावर आल्या आल्या काही ओतू नका. आधी जाळ्या आणि प्रेशर, मग तपासणी, मग उरलेल्या गोळ्या तोलून कागदावर लिहा. पुढच्या सुट्टीत फटी किती उघड्या ठेवायच्या ते या आकड्यावरून ठरेल. सायन्युरिकची चाचणी वर्षातून दोनदा तरी करा. ते ८० च्या वर गेलं तर क्लोरीन आकड्यात दिसतं पण काम मंद करतं, आणि उतरवायला पाणी बदलण्याशिवाय मार्ग नाही. ८० वरून ५० च्या आसपास आणायला ५० हजारांतलं सुमारे १८-१९ हजार लिटर काढावं लागतं. हे काम उन्हाळ्यात टँकरवर काढू नका; जुलै-ऑगस्टच्या जोरदार पावसात, वेस्टवर थोडं थोडं पाणी सोडत, जवळजवळ फुकट होतं.